दारू सोडायची आहे, मिटिंग कुठं सापडेल? विदर्भातल्या गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिटिंग म्हणजे नेमकं काय असतं?

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी काही माणसं एका खोलीत बसतात. सगळ्यांना दारूचा त्रास असतो किंवा होता. एकेक जण स्वतःचं सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्येच कोणी सल्ला देत नाही, वाद घालत नाही. हे कीर्तन नाही, प्रवचन नाही आणि शिबिरही नाही. समोर डॉक्टर किंवा समुपदेशक नसतो. चालवणारेही दारूतून बाहेर पडलेलेच असतात. एक ते दीड तासात संपतं, बऱ्याच ठिकाणी शेवटी चहा असतो.

या पद्धतीच्या सर्वांत जास्त मिटिंगा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एएच्या असतात. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोघांच्या भेटीतून ती सुरू झाली. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू थांबवायची इच्छा पाहिजे. अर्ज नाही, आधार कार्ड नाही, रजिस्टरवर सही नाही.

पहिल्या दिवशी बोलावंच लागतं असं नाही. पाळी आली की "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी पुढच्याकडे जातात.

जवळची मिटिंग शोधायची कशी?

पत्ता शोधण्याआधी फोन नंबर शोधा. गावाकडची बहुतेक माणसं इथंच चुकतात. इंटरनेटवर पत्ता सापडतो, चाळीस किलोमीटर जाऊन पाहतात तर खोलीला कुलूप. मग "तिथं काही नसते" असं म्हणून विषय संपतो आणि पुढची दोन वर्षं कोणी नाव काढत नाही.

एएचं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या वेबसाइटवर संपर्काचे नंबर मिळतात. तिथं फोन लावून जिल्हा आणि तालुका सांगा, तुमच्या बाजूच्या सभासदाचा नंबर मागा. त्या सभासदाला संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान लावा. दिवसा ही माणसं कामावर, वावरात, दुकानात असतात, अनोळखी नंबर उचलत नाहीत. दोनदा उचलला नाही तर एक मेसेज टाकून ठेवा, "मिटिंगसाठी फोन केला होता".

बोलायचं काय, याचंच टेन्शन असतं. एवढं पुरे आहे: "नमस्कार भाऊ, मी दर्यापूरकडून बोलतो. मला दारूचा त्रास आहे, मिटिंगला यायचं आहे." पुढचं ते विचारतील. तुम्ही मात्र पाच गोष्टी विचारून घ्या: या आठवड्यात मिटिंग नक्की आहे का, सुरू किती वाजता होते आणि संपते किती वाजता, बसस्टँडपासून खोली किती लांब, मिटिंग खुली आहे की बंद, आणि स्टँडवर कोणी घ्यायला येऊ शकेल का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. नवीन माणसाला स्टँडवरून घेऊन जाणं हे जुने सभासद स्वतःचं काम मानतात. खोलीच्या दारापर्यंत येऊन परत फिरणारे फार असतात, सोबत कोणी असलं की पाऊल आत पडतं.

बंद मिटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. खुल्या मिटिंगला बायको, भाऊ, आशाताई, सरपंच, कोणीही बसू शकतं. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर हे आधीच विचारा, नाहीतर त्यांना बाहेर ओट्यावर थांबावं लागेल.

फोनवरून जमलं नाही तर दुसरी वाट दवाखान्याची आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकार विभाग कुठे आहे ते विचारा. तिथले समाजसेवक आणि समुपदेशक रोज दारूचे रुग्ण पाहतात, जवळ कुठं ग्रुप चालतो हे त्यांना बहुधा माहीत असतं. नागपूरच्या मेडिकल आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेलात तर औषधाच्या चिठ्ठीसोबत हा प्रश्नही विचारून घ्या. गडचिरोली जिल्ह्यात 'मुक्तिपथ'च्या लोकांना विचारा. दारू आणि तंबाखूवर तालुक्या-तालुक्यात काम करण्यासाठीच तो कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाला.

यातलं काहीच हाताशी नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि 14416 ही टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची. टेलिमानसवर मराठीतून बोलता येतं, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत. रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला, नको ते विचार आले, तर सकाळची वाट पाहू नका, 14416 लावा.

आज दारू बंद करून उद्या मिटिंगला गेलं तर चालेल ना?

रोज सकाळपासून पीत असाल, न घेतल्यास हात थरथरत असतील, तर आधी डॉक्टर आणि मग मिटिंग. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती एकदम तोडली की शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात कापतात, घाम सुटतो, मळमळ होते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांनी काहींचं भानच जातं. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावतात, अंगात ताप चढतो, घरचा माणूस ओळखू येत नाही. गावात याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि त्यात जीव जातो. ही बाधा नाही. दारू तुटल्यानं मेंदूवर झालेला परिणाम आहे, दवाखान्यात त्यावर औषध आहे. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर 108 ला फोन करा.

पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, वय जास्त असेल, कावीळ किंवा पोटात पाणी झालं असेल, तर घरच्या घरी सोडण्याचा प्रयत्न अजिबात करू नका. भरती होऊन पाच-सात दिवसांत हे सुरक्षितपणे होतं.

आपल्याकडे श्रावण लागला की बरेच जण एका दिवसात दारू सोडतात. श्रद्धा चांगली आहे, पण रोज पिणाऱ्यानं श्रावण लागायच्या आठ दिवस आधीच डॉक्टरांना गाठावं.

अजून दोन गोष्टी. दारू सोडताना अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. त्या वेळी "मी रोज दारू पितो" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 म्हणजे थायमिन कमी पडलेलं असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि पहिले चार-पाच दिवस विहिरीच्या काठावर, ट्रॅक्टरवर, थ्रेशरजवळ किंवा फवारणीला जाऊ नका. तिथं फिट आली तर धरायला कोणी नसतं.

मिटिंग संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते. मग?

गावाकडच्या माणसाची मिटिंग सुटते ती बहुतेक वेळा याच कारणानं, इच्छा कमी पडली म्हणून नव्हे. म्हणून मिटिंग निवडताना सर्वांत जवळची न निवडता परतीची गाडी मिळेल अशी निवडा. वीस किलोमीटरवरची रात्री आठची मिटिंग तुमच्या उपयोगाची नाही, पन्नास किलोमीटरवरची रविवार सकाळची आहे.

तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी काळीपिवळी आणि बस दोन्ही जास्त असतात, पण त्याच दिवशी हातात पैसा असतो आणि वाटेत गुत्ताही असतो. सुरुवातीचे तीन महिने बाजार आणि मिटिंग एकाच दिवशी ठेवू नका. तेच जमत असेल तर आधी मिटिंग, मग बाजार, आणि सोबत घरचं कोणीतरी. महिलांना 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खुल्या मिटिंगला बायको सोबत आली तर खर्च फार वाढत नाही.

लवकर निघायचं असेल तर सुरू होण्याआधी सांगा, "साडेसातची गाडी आहे, सातला उठतो". कोणाला राग येत नाही. सिरोंचा, भामरागड किंवा मेळघाटातल्या धारणीकडून जिल्ह्याच्या गावी दर आठवड्याला जाणं कोणालाच झेपणार नाही. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जा, ओळखी करा, चार नंबर घ्या, आणि मधले आठवडे फोनवर काढा. प्यावंसं वाटलं की पिण्याआधी त्यातल्या एकाला फोन, हा साधा नियम लांबच्या माणसाला मिटिंगइतकाच उपयोगी पडतो.

मोबाइलवरून मिटिंग करता येते का?

येते. झूमवर मिटिंगा होतात, मराठीतूनही. लिंक आणि वेळ सभासदांकडून घ्या. तासाभराला इंटरनेटचा पॅक थोडाच लागतो, विशेषतः व्हिडिओ बंद ठेवला तर. अडचण असते ती रेंजची आणि एकांताची. घरात लेकरं, शेजारी, टीव्ही. इअरफोन लावा आणि रेंज येते त्या जागी, वावराच्या धुऱ्यावर किंवा टाकीजवळ, दहा मिनिटं आधीच जाऊन बसा. जोडताना पूर्ण नाव टाकायची गरज नाही, पहिलं नाव पुरे. रेकॉर्डिंग करू नका, फोटो काढू नका.

एक मत स्पष्ट सांगतो. शक्य असेल त्यानं पहिली मिटिंग प्रत्यक्षच करावी. आपल्यासारखाच हातावर भेगा असलेला माणूस पाच वर्षं प्यायला नाही, हे शेजारी बसून पाहणं आणि पडद्यावर पाहणं यात फरक आहे.

गावात बोभाटा झाला तर? पोरीचं लग्न व्हायचं आहे.

मिटिंगमध्ये कोण होतं आणि कोण काय बोललं हे बाहेर सांगायचं नाही, हा एएचा पाया आहे. नावातच 'अ‍ॅनॉनिमस', म्हणजे 'अनामिक' आहे. आडनाव, गाव, जात कोणी विचारत नाही. तरी विदर्भातल्या तालुक्याच्या गावात माणूस माणसाला ओळखतो, हे खरं आहे. खोलीत सोयरा भेटू शकतो. पण तोही त्याच कारणानं आलेला असतो, त्यामुळे त्यालाही तोंड उघडणं परवडत नाही.

फारच भीती वाटत असेल तर पहिले काही महिने आपला तालुका सोडून शेजारच्या तालुक्यात जा. यवतमाळकडची माणसं वर्ध्याला जातात, वर्ध्याकडची नागपूरला. नागपुरात ग्रुप जास्त आहेत, एक आवडला नाही तर दुसरा पाहता येतो.

आणि ज्याचा बोभाटा होईल म्हणून भीती वाटते, ते पिणं गावाला आधीच माहीत असतं. पानठेल्यावरच्या सगळ्यांना माहीत असतं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. मिटिंगला गेलो तर पोलीस विचारतील का?

वर्धा जिल्ह्यात 1974 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. दारू थांबवायला मिटिंगला बसणं हा कुठंच गुन्हा नाही. मिटिंगमध्ये हजेरी लागत नाही, यादी बनत नाही, त्यामुळे कोणाकडे द्यायलाही काही नसतं.

बंदीच्या जिल्ह्यात पिणारा चोरून पितो, म्हणून डॉक्टरांपासूनही लपवतो. ते करू नका. दारू कोणती आणि किती, देशी, मोहाची की हातभट्टीची, खरं सांगा. आणि चोरट्या दारूनंतर डोळ्यासमोर धुकं आलं, दिसायला कमी झालं, तर ते विषारी दारूचं लक्षण असू शकतं. झोपून राहू नका, ताबडतोब रुग्णालयात जा.

पैसे किती लागतात?

काही नाही. मिटिंगच्या शेवटी एक डबी किंवा पिशवी फिरते. खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं यासाठी सभासद ऐपतीप्रमाणे पाच-दहा रुपये टाकतात. नवीन माणसानं टाकलंच पाहिजे असं नाही. एए बाहेरून देणगी घेत नाही, सरकारकडून नाही आणि आमदारांकडूनही नाही. कोणी एएच्या नावावर पावती फाडत असेल किंवा "इतक्या हजारात दारू सोडवून देतो" म्हणत असेल, तर ती एए नाही.

पिऊन मिटिंगला गेलं तर हाकलतात का?

नाही. गप्प बसणार असाल तर बसू देतात, बोलायला मात्र बहुधा देत नाहीत. शक्य असेल तर त्या दिवशी न पिता जा, कारण प्यालेल्या डोक्यात ऐकलेलं राहत नाही. पण प्यालो म्हणून घरीच थांबलो, असं मात्र करू नका.

आम्ही परमात्मा एक मार्गाचे सेवक आहोत. मग मिटिंगला जायचं का? आणि देव न मानणाऱ्यानं काय करावं?

परमात्मा एक मार्गात दारू वर्ज्य आहे, गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला बसणाऱ्यांतही न पिणारे खूप आहेत, माळ घातली की वारकरी पीत नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे अशा मार्गांनी सुटलेली घरं कमी नाहीत. सुटली असेल तर तो मार्ग सोडू नका. मिटिंग त्याच्या आड येत नाही, तिथं कोणाचा देव बदलायला सांगत नाहीत. नियम मोडला, पुन्हा प्यालो, आता कोणत्या तोंडानं बैठकीत जाऊ, असं झालेल्या माणसाला मिटिंगचा फार आधार होतो, कारण तिथं निम्मे जण मोडून परत आलेले असतात.

एएच्या बारा पायऱ्यांमध्ये 'आपल्याहून मोठी शक्ती' असा शब्द येतो. न मानणारे त्याचा अर्थ ग्रुप असा घेतात आणि त्यांचं चालतं. मिटिंग चर्चच्या खोलीत असली म्हणून ती ख्रिस्ती होत नाही, बुद्धविहारात असली म्हणून बौद्धांपुरती होत नाही. जागा मिळाली म्हणून तिथं बसतात, एवढंच.

नवरा यायला तयारच नाही. मी काय करू?

तुम्ही स्वतः जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मिटिंगा असतात. अशी मिटिंग जवळ नसेल तर एएच्या खुल्या मिटिंगला बसा. ताई, तिथं "नवऱ्याला कसं सुधारू" याचं उत्तर मिळणार नाही, पण त्याच्या उधाऱ्या फेडणं, मालकाला खोटी कारणं सांगणं, रात्री भांडण करणं यातलं काय थांबवायचं ते कळेल. बोलायचं असेल तर सकाळी बोला, तो शुद्धीत असताना, लेकरांसमोर नाही. एकच वाक्य आणि एकच मागणी ठेवा: "रविवारी माझ्यासोबत एकदा चला."

चहातून, भाजीतून पावडर देऊन दारू सोडवायचा सल्ला देणारे गावोगावी आहेत. करू नका. अशा पावडरीत डायसल्फिराम असू शकतं. ते डॉक्टर रुग्णाला सांगून, तपासून देतात. ते पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

मारहाण होत असेल तर मिटिंगची वाट पाहू नका. 112 किंवा महिलांसाठीची 181 हेल्पलाइन आहे.

पिणारी बाई असेल तर?

तिलाही हीच मिटिंग आहे. अडचण अशी की गावाकडच्या खोलीत बहुधा सगळे पुरुष असतात. फोनवर आधी विचारा, "बायका येतात का, महिला सभासदाचा नंबर मिळेल का". महिलांच्या ऑनलाइन मिटिंगा हा तिच्यासाठी चांगला पर्याय आहे. पहिल्यांदा जाताना बहीण किंवा आशाताई सोबत असावी आणि मिटिंग खुली असावी.

खर्राही सोडावा लागतो का?

मिटिंग दारूची आहे. खर्रा आज सोडा अशी अट कोणी घालत नाही. पण दारू सुटल्यावर दिवसाला दोनाचे आठ खर्रे होतात, त्याकडे लक्ष ठेवा. तोंड उघडायला त्रास होऊ लागला तर दाखवून घ्या.

किती दिवस जायचं? पुन्हा प्यालो तर?

पहिल्या तीन महिन्यांत जितक्या जास्त मिटिंगा तितकं बरं. शहरात नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा सांगतात. गावात ते होत नाही, म्हणून आठवड्याला एक मिटिंग आणि रोज एक फोन धरा. एएमध्ये आयुष्यभराची शपथ घ्यायला लावत नाहीत, आजचे चोवीस तास प्यायचं नाही एवढंच.

पाय घसरण्याचे दिवस आपल्याकडे ठरलेले आहेत. पोळ्याची कर, होळी, लग्नातली वरात, तेंदूपत्त्याची मजुरी हाती येते तो आठवडा, कापूस-सोयाबीनचा चुकारा मिळतो तो दिवस. तारखा आधीच माहीत असतात, तर तयारीही आधी करा. करीच्या दिवशी दुसऱ्या गावी मिटिंगला किंवा सभासदाच्या घरी जा. चुकारा आणायला एकटे जाऊ नका, पैसे खात्यात घ्या. वरातीत जेवण आधी उरकून घ्या, कारण रिकाम्या पोटी ओढ जास्त लागते.

पुन्हा प्यालात तर पुढच्याच मिटिंगला जा आणि सांगा. जितके दिवस लपवाल तितकी दारू वाढते. मधल्या काळात पुन्हा रोजची झाली असेल, तर सोडताना पुन्हा डॉक्टर लागेल.

चाळीस किलोमीटरमध्ये ग्रुपच नाही. आम्ही सुरू करू शकतो का?

दोन माणसं पुरेत, दोघांनाही दारू थांबवायची असली म्हणजे झालं. आधी जवळच्या चालू ग्रुपला कळवा, त्यांच्याकडून मराठी पुस्तकं आणि मिटिंगचं वाचन मिळेल. पहिल्या काही मिटिंगांना जुने सभासद येऊन बसतात.

जागा निवडताना घाई करू नका. एका समाजाच्या मंदिरात बसलात तर दुसऱ्या समाजाचा माणूस येणार नाही, पुढाऱ्याच्या घरी बसलात तर विरोधी गटाचा येणार नाही. शाळेची खोली, ग्रामपंचायतीचं सभागृह, आरोग्य उपकेंद्र या जागा बऱ्या. महिन्याला पन्नास-शंभर का होईना, भाडं द्या, म्हणजे कोणाचे उपकार राहत नाहीत. किल्ली दोघांकडे ठेवा, कारण एकाच्या घरी मयत झाली की मिटिंग बंद पडते आणि नेमका त्याच दिवशी नवीन माणूस येऊन कुलूप पाहून जातो. वार आणि वेळ बसच्या वेळापत्रकावरून ठरवा. रोवणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दोघंच उरलात तरी त्या वारी खोली उघडा आणि तासभर बसा.